लिक्विड कूलर बसवला तरी ९८ डिग्री?? गुडगुड आवाज पण येतोय

विश्रामबागचा_एडिटर:
नमस्कार मंडळी, सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पीसीत इंटेलचा १२७००के प्रोसेसर, आधी साधा एअर कूलर होता, रेंडरला (एडिट झालेला व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढताना) ८८-९० जायचं म्हणून २४० एमएम रेडिएटरचा रेडीमेड लिक्विड कूलर मागवला आणि स्वतःच बसवला. वर रॅम आडवी येत होती म्हणून रेडिएटर (पाणी थंड करणारी फॅनवाली जाळी) कॅबिनेटच्या तळाला लावलाय. आता रेंडर टाकलं की दोन मिनिटात ९८ आणि वर हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज. आतलं पाणी कमी असेल का, आरओचं भरू का? सीझन सुरू आहे, चार लग्नं पेंडिंग आहेत.

मिरजेचा_मिस्त्री:
आरओबिरओ काही भरू नको मर्दा, तो सीलबंद असतोय, उघडलास की वॉरंटी गेली. आधी सांग, खालच्या तांब्याच्या प्लेटवरचं प्लॅस्टिक काढलंवतंस का? हसू नको, माझ्याकडं महिन्यात एक तरी तसा येतोय. दुसरं, पंपाची वायर कुठं लावलीस? साध्या फॅनच्या पिनवर असेल तर बोर्ड तिचा स्पीड कमी करतोय, पंप कायम फुल चालला पाहिजे. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतोय ते बोर्डाचं सेटिंग) पंपाचा आरपीएम, म्हणजे स्पीड बघ.

तासगाव_द्राक्षवाला:
कॉम्प्युटरचं मला जास्त कळत नाही पण माझ्या पोराचा पीसी आहे म्हणून वाचतोय. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की ती नुसती घरघरते, पाणी काय फेकत नाही. तसंच दिसतंय हे.

मिरजेचा_मिस्त्री:
दादा बरोबर बोलले, मी तळाचं नीट वाचलंच नव्हतं. पाणी फिरतं त्या लूपमध्ये थोडी हवा असतेच, आणि हवा जाणार सगळ्यात उंच जागी. रेडिएटर तळाला म्हणजे उंच जागा कोणती, तर प्रोसेसरवरचा पंप. समोर लाव, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच पाहिजे, जमलं तर पाइप खालच्या बाजूला ठेव. काढलास तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवीन लाव, तीच परत दाबू नको.

सातारी_कंदी:
एवढा खटाटोप कशाला, चांगला टॉवर एअर कूलर घ्यायचा की. १२७००के टर्बोत, म्हणजे फुल स्पीडला, १९० वॉटपर्यंत खातो, बायोसमध्ये लिमिट १२५ ला आणलं तरी रेंडरला थोडाच जास्त वेळ लागंल. आणि एप्रिलात खोलीच ३८ ला असली तर लिक्विड काय फ्रीज नाहीये, खोलीच्या खाली जाणारच नाही.

विश्रामबागचा_एडिटर:
प्लॅस्टिक काढलं होतं हो 😅 पण वायर साध्या फॅनच्याच पिनवर होती. काल रात्री रेडिएटर समोर घेतला, पाइप खाली, पंपाची वायर साध्या फॅनच्या पिनवरून काढून पंपाच्या पिनवर लावली. चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं गुडगुडला, कॅबिनेट जरा तिरकं करून हलवलं तसा गप्प झाला. आता तेच रेंडर ७६-७८. समोरची जाळी काढली तर निम्मी पिवळी, खाली काकांचा हळदीचा गाळा आहे ना, धुळीत पण हळदच. १२५ चं लिमिट मे महिन्यात बघतो.

तासगाव_द्राक्षवाला:
बघा, म्हटलं नव्हतं. पोराच्या पीसीत रेडिएटर कुठं आहे ते आता बघायला गेलो तर म्हणतोय पप्पा हात लावू नका.