स्क्वॉटला खाली गेलं की उजव्या जांघेत चिमटा

डिचोलीकर४१
वय ४१, राहणार डिचोली, नोकरी वेर्ण्याला. रोज येऊन-जाऊन अडीच तास गाडीत. दीड वर्षापासून बसस्टँडजवळच्या जिममध्ये जातो. स्क्वॉट ८० किलोवर पोचला होता, पाचाचे तीन सेट. आता शेवटच्या दोन-तीन इंचांत उजव्या जांघेत कोणीतरी चिमटीत धरल्यासारखं होतं. वर आलो की गायब. संध्याकाळी गाडीतून उतरताना मात्र पहिली चार पावलं म्हाताऱ्यासारखी पडतात.

ट्रेनर म्हणाला, खुबा आखडलाय, स्ट्रेच कर. तीन आठवडे रोज रात्री पाठीवर पडून गुडघा छातीशी ओढतोय. बायको म्हणते, ओढताना तुझा चेहरा बघवत नाही. दुखणं वाढलंच आहे. शिगम्याला रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, नाचायचंय, म्हणून घाई.

सुकीभाजी
एक्केचाळिशीत ८० किलो खांद्यावर घेऊन उठाबशा! सकाळी मयेच्या तळ्यापर्यंत चालत जा रे बाबा.

कुळागर
मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण दादा, ते गुडघा ओढणं आजच बंद करा. खुबा म्हणजे उखळी सांधा. मांडी पोटाकडे पूर्ण वाकली की तिच्या हाडाचा गोळ्याखालचा भाग (त्याला हाडाची मान म्हणतात) खोबणीच्या काठाला टेकतो आणि मधलं नाजूक अस्तर चिमटतं. तुम्ही जिमबाहेरही रोज रात्री तेच करत होतात.

दोन गोष्टी सांगा. कुठे दुखतं असं विचारलं तर हात कुठे जातो? बाहेरच्या हाडावर, मागे नितंबात, की पुढे? आणि आत कट्कन वाजतं किंवा अडकतं का?

डिचोलीकर४१
ताई, आत्ता उभा राहून बघितलं. अंगठा मागे, बोटं पुढे जांघेत, असा कंबरेच्या बाजूला पंजा रुतवून धरतो मी. एक बोट ठेवून जागा दाखवता येत नाही. वाजत नाही.

कुळागर
सांध्याच्या आतलं दुखणं असलं की माणसं पुष्कळदा असाच पंजा धरतात. सतरंजीवर पाठीवर पडा. गुडघे हलकेच वर आणा, आधी जोडून, मग थोडे फाकवून, मग आणखी. जिथे चिमटा न बसता सगळ्यात वर येतात, ती तुमची स्क्वॉटला पाय ठेवायची रुंदी. खोबणीची ठेवण माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचा स्टान्स, म्हणजे पाय ठेवायची पद्धत, तुम्हाला बसेलच असं नाही.

रात्री झोपमोड करणारी कळ, लंगडणं, पायावर भार न पेलणं, यातलं काही असेल तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. पूर्वी स्टेरॉइडचा मोठा कोर्स झाला असेल किंवा पिणं जास्त असेल तर तेही सांगा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचं दुखणंही जांघेतच सुरू होतं, आणि सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो.

आडवाट
मला हाच त्रास होता. टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेट्स ठेव, धड जरा उभं राहतं. आणि मागे क्रेट ठेव, चिमटा बसतो त्या उंचीच्या दोन बोटं वर येईल असा. नुसतं टेकायचं, धपकन बसायचं नाही. वजन निम्मं कर, खाली जाताना तीन आकडे मोज.

डिचोलीकर४१
तीन आठवड्यांनी लिहितोय. स्टेरॉइड कधी नाही, पिणं म्हणाल तर जत्रेपुरतं. सतरंजीवर कळलं की जोडलेले गुडघे नाभीपर्यंतही येत नाहीत, फाकवले की बरगडीला लागतात. मी दीड वर्ष पाय जवळ, बोटं सरळ ठेवून करत होतो, कारण ट्रेनर तसं करतो. त्याचं वय २४.

आता पाय खांद्यांहून रुंद, बोटं बाहेर, ४० किलो, मागे सोड्याचा रिकामा क्रेट आणि वर फळी. चिमटा नाही. गाडीच्या सीटवर चादरीची घडी घातली, गुडघे कंबरेच्या खाली आले, उतरताना बरं वाटतं. परवा हौसेने ६० लावले, क्रेट काढला, तर लगेच जाणवलं. पुन्हा ४०.

ट्रेनर क्रेटकडे बघून रोज विचारतो, दुकान कधी उघडताय?

सुकीभाजी
आणि रोमटामेळ?

डिचोलीकर४१
ढोल वाजवीन. उभ्याने.