लिंगओळख, लिंगभाव की लैंगिक अस्मिता?

प्रश्न
लहान मुलांना शाळेत 'जेंडर आयडेंटिटी' (आपण मुलगा, मुलगी की आणखी कोणी, ही स्वतःची जाणीव) शिकवावी का, या विषयावर पालकसभेसाठी टिपण लिहिते आहे आणि शब्दापाशीच अडले आहे. लैंगिक ओळख, लिंगओळख, लिंगभाव, लैंगिक अस्मिता असे सगळेच वाचनात येतात. कोणता घेऊ?

उत्तर
'लैंगिक' नको. लैंगिक संबंध, लैंगिक अत्याचार या जोड्यांनी तो शब्द पार एका बाजूला ओढला गेला आहे. 'पहिलीत लैंगिक ओळख शिकवणार' असे वाचले की पालक दचकणारच. संस्कृतात लिंग म्हणजे मुळात खूण. मराठीत त्याच्यावर व्याकरण, शरीर आणि अवयव अशी तीन ओझी आहेत. इंग्रजीतही 'जेंडर' मुख्यतः व्याकरणातच वापरला जाई. १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी 'जेंडर रोल' ही संज्ञा आणली आणि साठच्या दशकात मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्टोलर यांनी 'जेंडर आयडेंटिटी' रुळवली. आपल्याकडे स्त्री-अभ्यासात 'लिंगभाव' स्थिरावला आहे. मी तोच घेईन.

उत्तर
'लिंगभाव' पटतो, पण त्यात समाजाने ठरवलेले बाईपण-पुरुषपण येते. 'मी कोण' हे त्यात पुरते येत नाही. 'अस्मिता' व्युत्पत्तीने अगदी चपखल: अस्मि, म्हणजे 'मी आहे', त्याचा भाव. पण आज अस्मिता म्हटले की अभिमान आणि मोर्चेच आठवतात. पाच वर्षांच्या लेकराच्या मनातल्या गोष्टीला तो शब्द फार मोठा होतो.

'ओळख'ची अडचण वेगळीच आहे. ओळख म्हणजे स्वत्व, आणि ओळख म्हणजे परिचयही. 'लिंगओळख शिकवा' म्हणताना एकाच्या मनात शरीराच्या भागांची नावे, चांगला-वाईट स्पर्श असते. दुसरा ऐकतो की, तू मुलगा की मुलगी हे शाळा ठरवणार. मग दोघे तावातावाने भांडतात, आणि तेही दोन वेगळ्या गोष्टींवर. मला तर 'शिकवणे' हे क्रियापदच खटकते. परिचय शिकवता येतो. स्वत्वाची जाणीव असते, ती कोणी शिकवत नाही.

उत्तर
मराठीत हा विषय शाळेच्या आधीच सुरू होतो, हेही लिहा. 'मी जातो' की 'मी जाते', हे बाळाला बोलू लागताच निवडावे लागते. दिवसभर आईच्या मागे असणारा मुलगा 'मी येते' म्हणतो, आणि घरातले हसून दुरुस्त करतात. (काही बोलींत मुलीही 'मी आलो' म्हणतात, आणि तिथे कोणाला काही वाटत नाही.) मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडले होते की दोन-तीन वर्षांचे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते, पण हे कायम राहते अशी पक्की समज सहा-सातच्या सुमारास येते. त्यांच्या टप्प्यांवर पुढे वाद झाले. तरी कोणत्या वयाला काय सांगायचे, हा प्रश्न त्यामुळे नीट विचारता येतो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. 'लिंगओळख' काढून टाकते. एका प्रश्नाऐवजी आता तीन लिहिते: शरीराची माहिती कोणत्या वयात द्यावी? मुलींची कामे-मुलांची कामे या लिंगभावाबद्दल वर्गात कधी बोलावे? आणि एखादे मूल स्वतःच्या जाणिवेबद्दल वेगळे काही बोलले, तर शिक्षकांनी काय करावे? तिसऱ्या प्रश्नात 'तो' किंवा 'ती' लिहायची वेळच आली नाही. 'ते मूल' म्हणता आले.