‘हेरेडिटरी’ला डी प्लस? कमाल आहे!

स्नेहलतागंजवाली: काल इथे कुणीतरी लिहिलं की २०१८ च्या ‘हेरेडिटरी’ या इंग्रजी सिनेमाला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं पण अमेरिकेत पहिल्याच दिवशी बघणाऱ्या पब्लिकनं सिनेमास्कोअर या प्रेक्षकांच्या सर्व्हेत डी प्लस, म्हणजे अगदी खालचा ग्रेड दिला, म्हणजे समीक्षक खोटे. अहो, भुताचा सिनेमा बघायला गेले आणि समोर आलं घरातलं मरण, चिडणारच! अपघातात बहिणीचं डोकं उडतं आणि मुलगा पीटर तिचं धड गाडीतच ठेवून गुपचूप येऊन पडतो, सकाळी आईचा आक्रोश नुसता ऐकू येतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. आईचं काम करणाऱ्या टोनी कोलेटला ऑस्करचं साधं नॉमिनेशनही नाही, संताप येतो.

राजवाडा_इंदूर: ती पोस्ट माझीच. दीड तास दुःख आणि शेवटी काय तर पायमॉन राजा नावाचा सैतान! सगळं त्याच्या भक्तांनी आधीच ठरवलेलं होतं तर त्या आईच्या रडण्याला अर्थ काय राहिला? यावर एक समीक्षक बोलेल तर शपथ.

सुखलियाचे काका: आपल्यात तेरावा असतो, गोडाचं जेवण झालं की माणूस कामाला लागतो. तिकडे तसं काही नाही म्हणून भुतं दिसतात.

नीलू: काका, तेराव्याचं नका सांगू. माझा भाऊ गेला तेव्हा आई पंगतीत स्वतः वाढत होती आणि एक नातेवाईक तिला म्हणाले, श्रीखंड जरा पातळ झालंय. नंतर कित्येक महिने तिनं त्याची खोली उघडू दिली नाही. सिनेमातली आई, एनी, मुलीच्या अपघाताचंच छोटं मॉडेल करत बसते ना, मला माझी आईच दिसली.

सुखलियाचे काका: एका नातेवाइकापायी अख्खी रीत वाईट? माझी बायको गेली तेव्हा त्या तेरा दिवसांत घर भरलेलं होतं म्हणून मी वाचलो.

नीलू: तुम्हाला माणसं चांगली मिळाली. आम्हाला नाही मिळाली, आणि हे बोललं की लगेच संस्कार काढता!

राजवाडा_इंदूर: भिया, सिनेमावर बोला ना!

स्नेहलतागंजवाली: सिनेमावरच चाललंय! एनी ज्या जोन नावाच्या बाईजवळ मन मोकळं करते तीच त्या पायमॉनच्या भक्तांतली निघते आणि तिला फसवते. घरात मरण झालं की असे लोक बरोबर दार शोधत येतात, आपल्याकडे बाबा येतात. म्हणून तो शेवट दुःखापासून वेगळा नाहीच.

राजवाडा_इंदूर: बरं, जोनचं पटलं. तरी शेवट फसलेलाच. डी प्लस नाही, सी देतो, त्याच्यावर एक मार्क नाही.

सुखलियाचे काका: तुम्ही मार्क द्या. तेराव्याबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही.