मदत हवी आहे: गिटहबवर लेबलं ५३ झालीत, आवरायची कशी?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. आम्ही चौघांनी कॉलेजात असताना द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवायचं एक ॲप केलं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि तो कोड गिटहबवर (कोड ठेवायची आणि मिळून काम करायची साइट) माझ्याच अकाउंटला. छाटणीची तारीख टाकली की आज कितवा दिवस ते दिसतं, डावणीला भुरीला (द्राक्षावरचे रोग) काय मारलं त्याची नोंद राहते, आणि औषधाचा पीएचआय (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) कधी संपतो ते कळतं, बास एवढंच. तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं वापरतात.

ॲप बरं चाललंय, बोंब आहे ती इश्यूंची, म्हणजे ॲपमधल्या चुका आणि मागण्या यांच्या गिटहबवरच्या नोंदींची. उघडे इश्यू १८० च्या वर आणि लेबलं, म्हणजे इश्यूंवर चिकटवायच्या चिठ्ठ्या, ५३. गिटहब सुरुवातीला ९ देतं, बाकीची ४४ ही आमची कर्तबगारी, ज्याला जे सुचलं ते त्यानं चिकटवलं. इंग्रजीतलं बग वेगळं, मराठीतलं बग वेगळं, शिवाय एक 'चूक' आहे, आणि एकानं नुसतं 'बघा' असं केलंय, काय बघायचं ते आता त्यालाबी आठवत नाही. 'अर्जंट', 'लय अर्जंट' आणि 'आजच' अशी तीन आहेत, 'आजच' वाला सगळ्यात जुना इश्यू मागच्या ऑक्टोबर छाटणीतला निघाला.

मिरजेहून दोन पोरं आली होती, सोपं काहीतरी द्या आम्ही करतो म्हणाली, मी 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठी सोपं काम) या लेबलावर फिल्टर मारला तर ११ निघाले, त्यातले ७ होऊन गेलेले, फक्त बंद करायचे राहिलेले, आणि एक तर अख्खा डेटाबेस बदलायचा होता. पोरं परत फिरकली नाहीत. मग काल रात्री डोकं सटकलं आणि दोन लेबलं डिलीट मारली, तर ती सगळ्या इश्यूंवरनंच गेली. आता काय करू? सगळं पुसून नव्यानं लावू का? आणि नावं मराठीत ठेवू का इंग्रजीत?

बेदाणा_किंग: भावा आधी डिलीटचं बटण सोड. लेबलाचं नाव बदललं तर ते इश्यूंवर तसंच राहतं, फक्त नाव नवं दिसतं, त्यामुळं होईल तिथं रीनेमच कर. पण दोन बग एकत्र करायचे तर रीनेम चालणार नाही कारण त्या नावाचं लेबल आधीच आहे आणि गिटहबवर मर्ज असा प्रकारच नाही. तिथं जुन्या लेबलाचा फिल्टर लाव, सगळे टिक कर, नवं लेबल दे, आणि मग जुनं उडव. एका पानावर २५ च येतात हे ध्यानात ठेव. बंद झालेले इश्यूबी बघ, नाहीतर त्यांच्यावरचं जाईल. काल लेबल गेल्यामुळं बिनलेबलाचे राहिलेले 'नो कोलन लेबल' (no:label) असं शोधलं की सापडतील, म्हणजे ज्यांना दुसरं काहीच लेबल नव्हतं ते.

कृष्णाकाठची: मी एका मोठ्या प्रोजेक्टवर ट्रायेज करते, म्हणजे आलेले इश्यू तपासून त्यांची वर्गवारी, म्हणून सांगते, ५३ ची २० करून काही होणार नाही, लेबल कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी ठरवा. हे काय आहे, ॲपच्या कुठल्या भागातलं आहे, आणि आता कुणासाठी अडलंय, एवढे तीन प्रश्न पुरतात. मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टांचं बघा, कुबरनेटीसवाले नावाआधी काइंड, एरिया असं लिहून तिरकी रेघ मारतात, रस्टवाले एकेक अक्षर लावतात, सी म्हणजे कॅटेगरी, ए म्हणजे एरिया. तुम्ही कुठलंही घ्या, फायदा इतकाच की यादीत एका जातीची लेबलं शेजारी शेजारी येतात. अर्जंटची तिन्ही काढा, चौघांच्या टीममध्ये अर्जंट काय ते फोनवर कळतं. आणि 'गुड फर्स्ट इश्यू' लावणाऱ्यानं कुठली फाइल उघडायची ते इश्यूत दोन ओळी लिहायचंच, लिहिता येत नसेल तर तो इश्यू सोपा नाही.

कृष्णाकाठची: नावं मराठीत ठेवली तरी हरकत नाही, पण 'गुड फर्स्ट इश्यू' आणि 'हेल्प वॉन्टेड' ही दोन इंग्रजीतच राहू द्या, बाहेरचे लोक त्याच नावानं शोधतात.

मूळ धागाकर्ता: ताई, तिसरा प्रश्न डोक्यातच आला नव्हता. आमचे निम्मे इश्यू शेतकऱ्याच्या उत्तरासाठी अडलेत, म्हणजे प्लॉट कुठला, छाटणी कधीची. एकाच बागेत दोन प्लॉटची छाटणी आठ-दहा दिवसांच्या फरकानं असते आणि ॲप दोन्हीला एकच दिवस दाखवतं, हा बग वेगवेगळ्या नावांनी ९ वेळा आलाय. पण नवीन इश्यू टाकणाऱ्याला लेबल लावताच येत नाही, मग परत सगळं माझ्याच गळ्यात की.

बेदाणा_किंग: इश्यू टेम्प्लेट कर लगा, म्हणजे नवा इश्यू टाकताना भरायचा तयार नमुना. त्यात छाटणीची तारीख, प्लॉट विचार आणि लेबल टेम्प्लेटमध्येच लिहून ठेव, टाकणाऱ्याला परवानगी नसली तरी आपोआप लागतं. फक्त ते लेबल आधी तयार पाहिजे, नसेल तर लागत नाही. आणि रिपॉझिटरी (तुमच्या कोडची जागा) ऑर्गनायझेशनखाली, म्हणजे गिटहबवरच्या टीमच्या अकाउंटखाली, हलव, पर्सनल अकाउंटला ट्रायेजची परवानगी वेगळी देता येत नाही, तिकडं कोडला हात न लावू देता पोरांना लेबलं लावायला देता येतं.

मूळ धागाकर्ता: झालं, रविवार दुपार गेली पण १४ लेबलांवर आलोय. ते ९ एकाला डुप्लिकेट करून जोडले. 'बघा' कुणाचं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्यातले ६ इश्यू माझ्याच नावावर लावून घेतलेत. मिरजेच्या पोरांना मेसेज टाकलाय, बघू.