मदत हवी आहे: प्लास्टरनंतर वाळलेली मांडी आणि वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट

बाबा सत्तरीच्या पुढचे, राहणार मालवण. नडगीचं हाड मोडलं होतं. आता प्लास्टर निघालंय, हाडही जुळलंय, पण डावी मांडी इतकी बारीक झालीय की लेंग्याचा तो पाय नुसता लोंबतो. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो.

फिजिओने दिलेले व्यायाम चालू आहेत: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबणं, पाय सरळ उचलणं. अंडी, बांगडा, कुळथाची पिठी रोज पोटात जाते, तेव्हा 'प्रोटीन वाढवा' हे कृपया नको. मधुमेह नाही, किडनी ठीक. मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, म्हणून हळदीतल्या कर्क्युमिनची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही. (भेटायला येणारा प्रत्येक जण हळद सुचवूनच उठतो!)

वाचलं ते असं: स्नायू वापरात नसला की त्याच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत) फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीला इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात आणि प्रथिनं झपाट्याने मोडतात. हे रेणू शमवणाऱ्या वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटवर (कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, द्राक्षांतलं रेझव्हेराट्रॉल) प्रयोग झालेत, पण बहुतेक उंदरांवर, तेही झीज होऊ नये म्हणून. आमच्याकडे ती होऊन गेलीय. शिवाय सी आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांचे मोठे डोस व्यायामाचे काही फायदेच दाबतात, असं माणसांवरच्या काही अभ्यासांत दिसलंय. तिथे मी अडकलोय.

कोणी फिजिओ किंवा आहारतज्ज्ञ असाल तर सांगा: झीज झाल्यावर, स्नायू पुन्हा भरत असताना, अशा अर्कांचा माणसांना उपयोग झालेला दिसतो का? की सोलकढी, जांभळं आणि आमटीतली हळद पुरे म्हणून फक्त व्यायामाचा भार वाढवत न्यायचा?