अंधार पडल्यावर जखमी हरणाचा माग काढण्यासाठी विजेरी कोणती घ्यावी?

ओकवन, मिशिगन

नमस्कार मंडळी. मी ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला राहतो आणि राज्याचा रीतसर परवाना घेऊन, १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या तिरंदाजीच्या हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ इकडच्या परवानाधारक शिकारीपुरता आहे, हे आरंभीच नमूद करतो.

येथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडता येतो आणि हरणे नेमकी त्या शेवटच्या काही मिनिटांतच ओकच्या झाडीतून बाहेर पडतात. बाण लागल्यावर थोडा वेळ मचाणावरच थांबावे लागते, म्हणजे रक्ताचा माग काढण्याचे काम जवळजवळ नेहमी अंधारातच सुरू होते. माझ्याकडे हजाराहून अधिक ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप), निळसर पांढऱ्या प्रकाशाची विजेरी आहे. ती शेताच्या पलीकडच्या कडेपर्यंत उजेड टाकते. परंतु मेपलच्या गळलेल्या पानांवर जे तांबडे ठिपके नैसर्गिकरीत्याच असतात, ते आणि रक्ताचे थेंब यांतील फरक तिच्या उजेडात कळत नाही. दुकानांत ‘रक्त शोधणाऱ्या’ म्हणून लाल व निळ्या दिव्यांच्या विजेऱ्या मिळतात. त्या खरोखर उपयोगी आहेत का? ल्युमेन किती असावेत? आणि विजेरी हातात धरावी की डोक्याला बांधावी? शंभर डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

वर्णपट, न्यू जर्सी

माझे काम प्रकाशयोजनेच्या क्षेत्रातले आहे, म्हणून तेवढ्याच बाजूने लिहितो. आपली अडचण उजेडाच्या प्रमाणाची नसून उजेडात कोणते रंग आहेत याची आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन निळा, हिरवा आणि पिवळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि साधारण ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा लाल प्रकाश तेवढा परत पाठवते. रक्त लाल दिसायचे असेल तर विजेरीच्या प्रकाशात तो लाल भाग मुळात असावा लागतो. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीमध्ये निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळसर लेप असतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा उजेड भासतो, पण त्यात निळा व पिवळा भरपूर आणि गडद लाल अगदी तुटपुंजा असतो. आपल्या विजेरीचा उजेड बहुधा ६५०० केल्विनच्या आसपासचा असावा (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). त्यात रक्त तपकिरी-काळे दिसते, ओल्या पाचोळ्याचा रंगही तसाच दिसतो, आणि डोळ्याला दोहोंत निवड करण्यासाठी काही उरत नाही.

म्हणून खरेदी करताना ल्युमेनच्या आकड्याआधी सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, पाहावा. तो ९० किंवा त्याहून अधिक असावा. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हा निर्देशांक आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी असतो आणि गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या आठांत धरलेला नसतो. सीआरआय ७० च्या स्वस्त एलईडीमध्ये आर-९ शून्याच्याही खाली गेलेला आढळतो. उत्पादक आर-९ वेगळा देत असेल तर तो जरूर पाहा. आपल्या कामासाठी तोच खरा आकडा आहे. जपानच्या निचिया कंपनीचे ५१९ए हे एलईडी या बाबतीत चांगले आहे आणि ते बसवलेल्या कितीतरी विजेऱ्या आपण सांगितलेल्या रकमेत मिळतात. रंगतापमान, म्हणजे वर सांगितलेला केल्विनचा आकडा, ४००० ते ५००० च्या दरम्यान घ्यावे. अशा एलईडीतून तेवढ्याच विजेत थोडे कमी ल्युमेन मिळतात. ती किंमत आनंदाने मोजावी असे माझे मत आहे.

लाल-निळ्या विजेऱ्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. केवळ लाल प्रकाशात रक्तही लाल परत पाठवते आणि वाळलेले पानही, त्यामुळे दोन्ही सारखीच उजळ दिसतात. केवळ निळ्या किंवा हिरव्या प्रकाशात रक्त काळे पडते, पण काळोख्या पाचोळ्यात काळे ठिपके आधीच असंख्य असतात. अतिनील दिव्याची जाहिरात तर सरळ दिशाभूल करणारी आहे, कारण रक्त अतिनील प्रकाशात चमकत नाही. ते तो प्रकाश शोषून आणखी काळे दिसते. गुन्ह्यांच्या तपासात रक्त उजळते ते त्यावर फवारलेल्या रसायनामुळे.

मचाणकर, विस्कॉन्सिन

वर्णपट यांनी लिहिले त्याला माझा अनुभव पूर्ण दुजोरा देतो. येथील जुने शिकारी अजूनही कोलमनची गॅसबत्ती घेऊन माग काढायला निघतात आणि तिच्या एका बाजूला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळतात, म्हणजे उजेड पुढे पडतो व स्वतःचे डोळे दिपत नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत असणारी पेट्रोमॅक्स ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो उबदार, सगळीकडे पसरणारा उजेड लगेच आठवेल. ती बत्ती जड आहे, काच फुटते, रॉकेलसारखा वास येतो. पण तिच्या उजेडात रक्त लाल दिसते, आणि चांगल्या विजेरीकडून आपल्याला नेमके हेच हवे आहे.

ल्युमेनविषयी विचारलेत. पायापासून दहा-पंधरा फुटांवरची जमीन पाहण्यासाठी दोनशे ते चारशे ल्युमेन पुरेसे होतात, मात्र झोत पसरट असावा. मध्यभागी प्रखर आणि कडेला अंधार अशा झोतात डोळा सतत त्या मधल्या ठिपक्याच्या मागे धावतो. शिवाय दव पडलेले असेल तर जास्त उजेड प्रत्येक ओल्या पानावरून उलटून डोळ्यांवर येतो.

विजेरी हातातच धरावी, आणि तीही कमरेच्या खाली, जमिनीलगत तिरकी. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांच्याच दिशेने जातो, त्यामुळे सावल्या पडत नाहीत आणि जमीन सपाट, निर्जीव दिसते. तिरक्या उजेडात ओला थेंब चकाकतो आणि खुरांनी उलटलेला पालाही उठून दिसतो. रक्त केवळ जमिनीवर शोधू नये. बाण शरीरात उंचावर लागला असेल तर रक्त आत छातीतच साचते, पहिला थेंब बऱ्याच अंतरावर पडतो, आणि हरीण घासून गेलेल्या गवताच्या काड्यांवर व झुडपांच्या बाजूंवर कमरेच्या उंचीला डाग सापडतात. डोक्याचा दिवा सोबत ठेवावा, तो हात मोकळे लागतील तेव्हासाठी.

विजेरी लावण्यापूर्वीचा निर्णय मात्र विजेरीपेक्षा मोठा आहे. बाण सापडला की तो चांगल्या उजेडात नीट पाहावा. फिकट लाल, बुडबुडे असलेले रक्त फुप्फुसाचे. तेथे अर्ध्या तासाने निघाले तरी चालते. गडद लाल रक्त यकृताचे असू शकते, मग चार तास तरी थांबावे. हिरवट-तपकिरी द्रव आणि दुर्गंधी असेल तर बाण आतड्यात गेला आहे. अशा वेळी आठ ते बारा तास हरणाला उठवू नये, कारण उठवलेले हरीण कितीतरी दूर जाते आणि मग त्याचे हाल लांबतात. हवा दहा अंश सेल्सिअसहून उबदार असेल तर मांस खराब होण्याची आणि कोयोटी (लांडग्यासारखे इकडचे रानटी प्राणी) पोहोचण्याची भीती असते, हे खरे. तरीही आतड्याच्या जखमेत घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रंग ओळखण्यात चूक झाली तर हा सगळा हिशेबच चुकतो, म्हणून खऱ्या रंगाच्या विजेरीचा पहिला उपयोग बाण पाहण्यासाठीच आहे.

लालतूट, ओहायो

एक वेगळी बाजू मांडतो. मला जन्मापासून लाल-हिरव्या रंगांतील भेद नीट कळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांपैकी एकाला ही अडचण असते, भारतीयांत प्रमाण काहीसे कमी आहे, पण आपल्यातही असे बरेच जण आहेत आणि कित्येकांना ते ठाऊकही नसते. सीआरआय ९५ ची विजेरी माझ्या हाती दिली तरी मेपलच्या पानावरचा थेंब मला पानापासून वेगळा दिसत नाही.

अशा माणसाला हिरव्या प्रकाशाचा लाभ होतो, कारण तेथे रंगाऐवजी गडद-फिकट एवढाच भेद पाहायचा असतो. फिकट वाळलेल्या गवतावर आणि बर्फावर तो चांगला चालतो, काळ्या पाचोळ्यात चालत नाही. त्यामुळे वर्णपट यांचे मत बहुतेकांसाठी बरोबर असले तरी ते सर्वांना लागू करू नये.

याशिवाय मी औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लहान फवाऱ्याच्या बाटलीत ठेवतो. शंकास्पद डागावर ते पडले आणि डाग रक्ताचा असला तर लगेच पांढरा फेस येतो. पानावरचा नैसर्गिक ठिपका तसाच राहतो. डोळे उत्तम असलेल्यांनीही हे जवळ ठेवावे. प्रत्येक खात्रीच्या डागाजवळ पातळ कागदाचा तुकडा अडकवत गेले की मागे वळून पाहताना हरणाच्या जाण्याची रेषा कळते आणि पुढचा डाग कोठे शोधायचा याचा अंदाज येतो. काम झाल्यावर ते तुकडे गोळा करून आणावेत.

ओकवन, मिशिगन

सर्वांचे मनापासून आभार. सीआरआय ९० च्या वरची, ४५०० केल्विनची, पसरट झोताची, हातात धरायची विजेरी घेण्याचे निश्चित केले आहे. दोन शंका उरतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर येथे पारा शून्याखाली उतरतो, तेव्हा १८६५० आकाराची लिथियम-आयन बॅटरी कितपत साथ देते? आणि हरीण शेजाऱ्याच्या रानात गेले तर काय करावे?

मचाणकर, विस्कॉन्सिन

१८६५० योग्यच आहे. थंडीत तिची क्षमता घटते, म्हणून विजेरी आणि जास्तीची बॅटरी अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवावी. गारठलेली बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नये, त्याने ती कायमची खराब होते. राखीव म्हणून एए आकाराच्या, पुन्हा चार्ज न होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांवर चालणारी छोटी विजेरी ठेवावी. त्या बॅटऱ्या उणे ४० अंशांपर्यंत चालतात, तर साध्या अल्कलाइन त्याच्या कितीतरी आधी ढेपाळतात. वेष्टनावर लिहिलेल्या चालण्याच्या वेळेवर विसंबू नका. प्रचलित मानकानुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्यात मोजलेला असतो, आणि तेवढ्या उजेडात माग काढता येत नाही.

शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावीच लागते, मिशिगनमध्येही. रक्ताचा माग कुंपणापलीकडे जात असला तरी त्याने आपल्याला तो हक्क मिळत नाही. हंगामाआधीच भेटून फोन नंबर घेऊन ठेवावा. रात्री उजेड घेऊन फिरताना शस्त्र जवळ बाळगण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्यामुळे धनुष्य गाडीत बंद करून निघावे आणि निघण्यापूर्वी वन्यजीव विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याला फोन करून कळवावे. माग तुटला तर पाचोळा तुडवत फिरू नका. शेवटच्या डागावर खूण करून थांबा आणि पट्ट्याला बांधलेल्या, माग काढायला शिकवलेल्या कुत्र्याला बोलवा. आपल्या राज्यात त्याला परवानगी आहे.