बोटीतला पंक्तिप्रपंच

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार. जानेवारीत सोसायटीला २५ वर्षं होतात, मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे ट्रिपची चौकशी केलो. एजंटनं क्रूझचं कोटेशन दिलंय, मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. खोल्या चार टाईपच्या, आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सुईट. आतलीच्या मानानं सुईटचा रेट तिप्पट पडतोय. ज्याला जे परवडतंय ते घ्या, रविवारपर्यंत नाव आणि टाईप ग्रुपवर टाका म्हणजे ॲडव्हान्स भरता येतो.

सी-२०२: मस्त. आमचे चार, खिडकी.

ए-२०३: आमचा सुईट धरा. दोघं.

बी-३०१ अक्का: लगेच नावं काय घालायलाय. खोल्यांत फरक काय असतोय ते कुणीतरी सांगा की आधी, आम्ही बोट नुसती टीव्हीत बघितलोय.

बी-२०४ वैनी: अक्का, खोलीच्या आतला फरक दोन ओळींत सांगून होतोय. खोलीच्या बाहेरचा फरक सांगायला वेळ लागेल खरं नावं द्यायच्या आधी सगळ्यांनी वाचा म्हणून लिहायलेय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे अकरा जण गेलतो, बोटीचं नाव घेत नाही. थोरल्या दिरांनी सुईट घेतला, सासूबाई त्यांच्याबरोबर, आमची खिडकीची खोली आणि धाकट्या जावेची आतली, त्यांचं आत्ताच घर झालंय, हप्ते चालू आहेत. बुक करताना कुणाला काही वाटलं नाही, नुसतं झोपायला तर जायचंय म्हणून सगळे हो म्हणाले. मुंबईत टर्मिनलवर पोचलो आणि तिथंच आम्ही तीन घरं झालो. सुईटवाल्यांची रांग वेगळी, त्यांना बसायला सोफा, हातात सरबत, आणि ते पुढं निघून पण गेले, आम्ही दीड तास बॅगांवर बसून. मग गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. खोलीची किल्ली पण तीच, जेवायला जाताना तेच, बोटीतनं उतरताना चढताना तेच, आणि सुईटवाल्यांच्या कार्डाचा रंग वेगळा, पट्टी वेगळी. म्हणजे तीन दिवस आपण किती पैसे भरलो ते गळ्यात घालून हिंडायचं. पोहायच्या टाकीच्या वरच्या अंगाला एक उंच जागा होती, गाद्यांच्या खुर्च्या, आणि मध्ये एक जाड दोरी. दोरी कमरेएवढी पण नव्हती, लहान पोरगं पण खालून जाईल. कुणी जात नव्हतं.

बी-२०४ वैनी: अजून आहे, थांबा. आमच्या सासूबाई येळ्ळूरच्या, ७४ वर्षांच्या. त्यांच्या घरात सुगीला शेतातली माणसं आणि घरची माणसं एकाच पातेल्यातलं जेवायची, एकाला तूप आणि शेजारच्याला नुसता भात असं वाढलं की त्यांचा सासरा ताटावरनं उठायचा म्हणे. पंक्तिप्रपंच हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या लाऊंजमधनं कागदाच्या रुमालात दोन पेस्ट्र्या आणि मूठभर काजू गुंडाळून, पदराखाली धरून, आठव्या मजल्यावरनं तिसऱ्यावर आल्या, धाकटीच्या पोरांना द्यायला. वरच्या लाऊंजात खाली राहणाऱ्यांना सोडत नव्हते ना. मी तिथंच बसले होते. आत आल्या आल्या त्यांनी दार लावून घेतलं. क्रीम सगळं कागदाला चिकटलेलं, पदराला हा एवढा डाग. स्वतःच्या नातवंडांना खाऊ द्यायला म्हातारीला लपून यावं लागलं. जाऊ काही बोलली नाही, पोरांना म्हणाली आजीच्या पाया पडा. नंतर ती शेवटपर्यंत वर आली नाही, डेकवर पण नाही. आज सात आठ महिने झाले, दोघी जावांत जुनं बोलणं अजून आलेलं नाही.

डी-१०२: अरे देवा.

बी-३०१ अक्का: वाचून गलबललं बघा.

ए-२०३: वैनी, वाईट वाटलं, खरं एक बोलतो. आम्ही तीस वर्षं फाउंड्रीत घाम गाळून चार पैसे मिळवलोय, आता हौसेनं चांगली खोली घेतली तर त्यात कुणाचं काय गेलं? राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला जाताना कोण टूएसीत असतंय कोण स्लीपरला, तिथं कुणी वाईट वाटून घेतंय काय? शिवाय आमच्या हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला लिफ्टजवळ खोली आणि मोठं बाथरूम लागतंय. हे पण चुकीचं काय?

बी-२०४ वैनी: भावजी, गुडघ्याचं चुकीचं म्हणणारी मी कोण. सगळ्यांत पहिली लिफ्टजवळची खोली वैनींना मिळायला पाहिजे. माझं म्हणणं इतकंच आहे की आपण एका ट्रिपला, एका निमित्तानं, एका बसमधनं बेळगावातनं मुंबईला निघणार आणि बोटीत पाय टाकल्यावर वेगवेगळ्या ताटांत जेवणार हे बरं नाही. चन्नम्मात रात्री झोपतोय आणि सकाळी उतरतोय, तिथं आपण एकत्र सण करायला जात नाही.

सी-१०३: मी सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणून बोलतो, मी पाच काँट्रॅक्ट केलोय बोटीवर, हाउसकीपिंगला. वैनी सांगतायत ते काही त्या एका बोटीचं नाही, धंदाच आता तसा चालतोय. बोटी एवढ्या मोठ्या झाल्या की पाच पाच सहा सहा हजार पॅसेंजर एका वेळी, मग ज्याच्याकडं पैसा आहे त्याला गर्दी नको असते, रांग नको असते, त्याला बोट मोठी पाहिजे आणि माणसं कमी पाहिजेत. म्हणून कंपन्यांनी बोटीच्या आत बोट काढली. एमएससीनं २००८ ला फँटासिया नावाच्या बोटीवर यॉट क्लब सुरू केला, नॉर्वेजियनचं हेवन आहे, तिथं पूल वेगळा, हॉटेल वेगळं, हाताखाली बटलर, आणि कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर तर तुमची खोली कुठली त्यावर तुमचा जेवायचा हॉल ठरतोय, वरच्यांना क्वीन्स ग्रिल, मग प्रिन्सेस ग्रिल, मग ब्रिटानिया. आणि एक प्रकार जुन्या गिऱ्हाइकांचा. रॉयल कॅरिबियनवर किती रात्री राहिलात ते मोजतात, एका रात्रीचा एक पॉइंट, सुईटला डबल, गोल्डपासनं सुरू होऊन प्लॅटिनम एमराल्ड डायमंड डायमंड प्लस आणि ७०० पॉइंट झाले की पिनॅकल. माणसं ते पद नावासारखं सांगतात, आमच्याशी पहिलं वाक्य पण ‘मी डायमंड आहे’. मी त्यांना नावं ठेवत नाही, वयस्कर असतात बरेच, एकटे असतात, त्यांना वाटतं इथं तरी कुणीतरी ओळखावं.

सी-१०३: आणि आमचं पण सांगतो, कारण बोटीत सगळ्यांत मोठी दोरी आमच्या आणि तुमच्या मध्ये असते. खाली बोटीच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत कामगारांचा लांब बोळ असतो, बऱ्याच बोटींवर त्याला आय-नाइंटी-फाइव्ह म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेचं नाव. ट्रॉल्या, कपड्यांच्या गाठी, भाजीचे क्रेट सगळं तिथनं. आमची लिफ्ट वेगळी, जिना वेगळा, मेस पण तीन, ऑफिसरची, स्टाफची, क्रूची. खांद्यावर पट्ट्या किती त्यावर कोण कुठं जेवणार, कोण पॅसेंजरांच्या डेकवर फिरणार. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. पहिल्या काँट्रॅक्टला नऊ महिन्यांत मी ड्यूटी सोडून आकाश बघितलो ते क्रूसाठी पुढच्या टोकाला जरा जागा असते तिथनं. आईला हे कधी सांगितलो नव्हतो. आई या ग्रुपवर आहे, असू दे.

सी-१०३ आई: वाचलं रे बाळा.

डी-४०१ सर: चांगली चर्चा चालली आहे म्हणून थोडं जुनं जोडतो. बोटीत वर्ग असणं ही जुनीच गोष्ट. १९१२ च्या टायटॅनिकवर तीन वर्ग होते, तिसऱ्या वर्गापुढं फाटकं होती आणि त्यामागं अमेरिकेचा कायदा होता, बाहेरनं येणाऱ्या गरीब लोकांना रोगराईच्या भीतीनं वेगळं ठेवायचं. बोट बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातल्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या, तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. तिसऱ्या वर्गातली मुलं ७९ होती, २७ वाचली. ब्रिटिश चौकशीतले आकडे आहेत हे. जीवरक्षक होड्या वरच्या डेकवर होत्या, तिथपर्यंतची वाट ज्यांना माहीत होती ते आधी पोचले. पुढं १९५८ पासनं जेट विमानं अटलांटिक ओलांडायला लागली, बोटीनं जायचं कारणच उरलं नाही, तेव्हा कंपन्यांनी बोटी सहलीसाठी वळवल्या आणि गंमत म्हणजे वर्ग काढून टाकले. फ्रान्स नावाचं मोठं जहाज होतं, पहिला वर्ग आणि टूरिस्ट वर्ग अगदी वेगळे. नॉर्वेच्या एका मालकानं ते विकत घेतलं, मधले अडसर काढले आणि १९८० ला नॉर्वे या नावानं सहलीला सोडलं, कुणीही कुठल्याही डेकवर जावं. म्हणजे एकदा काढलेली भिंत आता पुन्हा बांधली आहे, आणि कायद्याचं कारण पण नाही. आपल्याकडं रेल्वेचा थर्ड क्लास १९७४ ला गेला. नंतर १९७७ ला मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, त्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम घातला. वरच्या वर्गाचं काही काढून घेतलं नाही, खालच्याची पाठ तेवढी दुखायची थांबली. मला तो माणूस त्या दोन इंचांसाठी फार मोठा वाटतो.

डी-४०१ सर: आणि ए-२०३, तुमच्या चन्नम्माच्या मुद्द्यावर. विमानातल्या भांडणांवर २०१६ ला अमेरिकेत एक अभ्यास आला होता. ज्या विमानात फर्स्ट क्लास आहे तिथं मागं बसणाऱ्यांत दंग्याचं प्रमाण जवळजवळ चौपट, आणि पुढच्या दारानं, फर्स्ट क्लासमधनं चालवत नेलं की आणखी वाढतं. फर्स्ट क्लासवाले पण जास्त चिडखोर होतात असं त्यात निघालं. रेल्वेत डबे वेगळे, एकमेकांना दिसत नाही. नजरेसमोर असलं की लागतं.

ए-२०३: (हा मेसेज डिलीट केला आहे)

ए-३०२ अण्णा: मी हळू टाईप करतोय, संभाळून घ्या. आम्ही लहानपणी बेळगावातनं मुंबईला आगबोटीनं जायचो, म्हणजे एसटीनं आंबोली सावंतवाडी करून वेंगुर्ला आणि तिथनं बोट, उतरायचं भाऊच्या धक्क्याला. पुढं पुढं कोकण सेवक, कोकण शक्ती अशा बोटी होत्या. तिथं पण लोअर डेक अप्पर डेक होतंच, वडिलांची ऐपत लोअरची. आम्ही चटई टाकून झोपायचो, इंजिनची धग, डिझेलचा वास, शेजारी फणस, कोंबड्या, उलट्या. वरचे लोक वाऱ्याला. मला त्याचं वाईट वाटायचं खरं राग नाही यायचा, का ते आज वैनींचं वाचून कळलं. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब उभी राहायची, आणि किनाऱ्यावरनं पडाव, म्हणजे होड्या, यायचे. त्या पडावात सगळे एकत्र उतरायचे, लाटेवर पडाव वर खाली होतोय, अप्परच्या बाईचा हात लोअरच्या माणसानं धरायचा, आमच्या आईच्या मांडीवर एकदा वकिलाचं पोर दिलेलं आठवतंय मला, ते रडत होतं, आईनं त्याला आमच्या डब्यातला लाडू दिला. गळ्यात काही नव्हतं कुणाच्या.

बी-३०१ अक्का: अण्णा, छान लिहिलात.

बी-१०१ (पाटील): होय री, बरोबर आहे वैनींचं. आमच्या घरात कन्नड बोलतात, तुमच्या घरात मराठी, गणपतीत एकाच पंगतीला बसतोय की आपण सगळे. बोटीत पण तसंच बसू या.

ए-२०३: डिलीट केलो कारण रागात लिहिलतो. सरांचं, अण्णांचं वाचलो दोनदा. हिला पण वाचून दाखवलो, ती म्हणाली सुईटमध्ये आपण दोघंच बसून काय करणार, बायका सगळ्या खाली गप्पा मारत बसणार आणि मी वर बटलरचं तोंड बघू काय. आमचा सुईट काढा. लिफ्टजवळचं तेवढं बघा.

सेक्रेटरी (ए-१०१): धन्यवाद. मग असं करू काय, सगळ्यांची एकच टाईप, खिडकीची. बाल्कनी नको, बिनखिडकीची पण नको. ज्या दोन घरांना खिडकीचा रेट जड जातोय त्यांनी मला खासगीत सांगितलंय, त्यांचा फरक सोसायटीच्या सांस्कृतिक फंडातनं घालू या, तिथं गणपतीची शिल्लक आहे, आणि कुणाची नावं ग्रुपवर येणार नाहीत. गुडघे, बीपी, म्हातारी माणसं लिफ्टजवळ. एजंटला एकाच मजल्यावर ३२ खोल्या पाहिजेत म्हणून सांगतो. त्या तारखेला नसल्या तर तारीख बदलू, २५ वर्षं काय एका आठवड्यानं पळून जात नाहीत.

सी-२०२: मान्य.

डी-१०२: मान्य.

बी-२०४ वैनी: मान्य. आणि सोसायटीबाहेरचं माणूस चालत असेल तर माझ्या धाकट्या जावेला, तिच्या पोरांना विचारते. पैसे आम्ही भरतो.

सेक्रेटरी (ए-१०१): चालतंय की.

सी-१०३: काका, कार्डाच्या पट्ट्या आपण बेळगावातनंच शिवून नेऊ या, सगळ्यांना एकच रंग. पट्टी आपली घातली तरी चालते, मला माहीत आहे.

ए-३०२ अण्णा: ती बोट वेंगुर्ल्याला थांबतेय काय रे?

सी-१०३: नाही अण्णा, सरळ गोवा. बरीच लांबनं जाते किनाऱ्यापासनं.

ए-३०२ अण्णा: वेंगुर्ल्याच्या बाहेर समुद्रात खडक आहेत, त्यावर दिवा आहे. रात्री लांबनं दिसायचा तो, आई दाखवायची, आता उतरायचं म्हणून. मुंबईहून गोव्याकडं जाताना किनारा डाव्या हाताला येतोय. खिडकी डावीकडची मिळाली तर बघा, नाहीतर राहू दे.

सेक्रेटरी (ए-१०१): ३२ च्या ३२ खोल्या डाव्या बाजूच्या मिळतात काय, उद्या विचारतो अण्णा.